उणे अठ्ठावीसला अडलेला गिअर

वालबुर्गाबाईंची गाडी कडाक्याच्या थंडीत जागची हलत का नाही, एवढं एकच कोडं सोडवायला ती तिघं निघाली होती.

२०१२ सालचा फेब्रुवारी. रशियाकडून आलेल्या थंडीच्या लाटेनं सगळा जर्मनी गारठला होता. गरज नसेल तर माणसं दाराबाहेर पाऊल टाकत नव्हती. आणि निशिगंधा मिरजकरला नेमकी हीच थंडी हवी होती! गेले दोन हिवाळे ती तिची वाट पाहत होती.

निशिगंधा मूळची इस्लामपूरची. झिंडेलफिंगेनजवळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी एक लहानशी कंपनी होती, तिच्या चाचणी विभागात ती इंजिनिअर होती. दोन हिवाळ्यांत कंपनीकडे अकरा तक्रारी आल्या होत्या आणि सगळ्यांची कहाणी एकच. पहाटे गाडी चालू होते, इंजिन छान गुरगुरतं, पण गिअर टाकला तरी गाडी ढिम्म. अर्ध्या-पाऊण तासानं ती आपोआप चालायला लागते. गॅरेजमध्ये न्यावी तर सगळं ठाकठीक! कंपनीनं आपल्या शीतकक्षात उणे तीस अंशांत तीन-तीन दिवस गाड्या ठेवून पाहिल्या. त्या गिअर टाकताच निमूट चालू लागल्या. साहेब म्हणाले, "फ्राऊ मिरजकर, लोक सकाळी घाई करतात, दुसरं काही नाही. महिनाअखेर ही फाइल बंद करू."

अकरांपैकी चार पत्रं एकाच बाईंची होती. वालबुर्गा क्रॉयत्सर, वय अठ्ठावन्न, बव्हेरियाच्या जंगलात चेक सरहद्दीलगत राहणारी फिरती नर्स. एकट्यादुकट्या शेतघरांमध्ये राहणाऱ्या म्हाताऱ्यांना औषधं द्यायची, जखमा बांधायच्या, इंजेक्शनं टोचायची, हे त्यांचं काम. निशिगंधा त्यांच्या घरी पोचली तेव्हा त्यांनी कॉफी पुढे ठेवली आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"गेल्या जानेवारीत या गाडीपायी मला एका पेशंटकडे पोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला."

"मग?"

"मग काय! मी पोचले तेव्हा तो गेलेला होता." बाईंनी कप खाली ठेवला. "वेळेवर पोचले असते तरी कदाचित गेलाच असता. मी कुणाला दोष देत नाही. पण गाडी का हलली नाही, ते मला कळायला हवं."

फाइल बंद होऊ द्यायची नाही, हे निशिगंधानं त्याच क्षणी ठरवून टाकलं.

तिसरा भिडू होता हृषिकेश, तिचा धाकटा दीर. कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठात तो वंगणाच्या तेलांवर डॉक्टरेट करत होता. गोठणाऱ्या तेलाचं नाव काढलं की त्याची भूक-तहान हरपायची. "वहिनी, तुम्ही मला नेलं नाहीत तर मी दादाकडे तक्रार करीन," असं फोनवर बजावून तो ट्रेननं येऊन थडकला होता.

बाईंच्या गावाखाली, पाच किलोमीटर अंतरावर, जंगलात एक खोलगट जागा होती. गावकरी तिला काल्टलोख म्हणत, म्हणजे थंडीचा खड्डा. रात्री आजूबाजूच्या डोंगरांवरची थंड हवा जड होऊन उतारांवरून खाली वाहते आणि ताटात पाणी साचावं तशी त्या खड्ड्यात साचून राहते. गावात उणे अठरा असेल तर तिथं उणे अठ्ठावीस! तळाशी गोठलेली दलदल, भोवती काळेशार स्प्रूस वृक्ष आणि मधून जाणारा एक जंगलरस्ता. बाईंची गाडी सर्वांत जास्त वेळा तिथंच अडली होती.

बेत साधा होता. आदल्या दिवशी त्यांनी बाईंचीच गाडी भुरभुरीत बर्फातून तीन तास पळवली, गिअरबॉक्स चांगला तापू दिला आणि उजेड असतानाच ती काल्टलोखच्या तळाशी उभी केली. बॅटरी काढून घेतली, आणि तिघं पायी गावात परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरायचं, गाडी चालू करायची आणि काय होतं ते पाहायचं. गाडी अडलीच, तर तिला हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी एक शीतगृहाचा ट्रक येणार होता. तो गाडीला तशीच, गोठलेल्या स्थितीत उचलून कंपनीत नेणार होता, म्हणजे गिअरबॉक्स उघडला की गुन्हेगार जागच्या जागी सापडेल!

सकाळी आठला तिघं निघाली. पायांना बर्फात न रुतणारे रुंद बूट, पाठीवर सॅक आणि मागे ओढायला एक ढकलगाडीएवढी लाकडी घसरगाडी. तिच्यावर ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली बॅटरी, हत्यारांची पेटी, फावडं आणि तेल पडलं तर धरायला एक लोखंडी ट्रे. वालबुर्गाबाई पुढे. अठ्ठावन्नाव्या वर्षीही त्या अशा चालत होत्या की मागच्या दोघांना धाप लागली.

खाली उतरावं तसतशी थंडी नुसती वाढत नव्हती, तिची जात बदलत होती. नाकातले केस कडक झाले. पापण्या एकमेकींना चिकटू लागल्या. झाडं मधूनच बंदुकीचा बार व्हावा तशी कडाडत. "आतलं पाणी गोठतं आणि खोड तडकतं," बाई म्हणाल्या. हृषिकेश दर शंभर पावलांवर थांबून तापमान वहीत लिहीत होता, आणि पेन गोठलं म्हणून पेन्सिल काढत होता.

"उणे चोवीस... उणे सव्वीस... वहिनी, उणे अठ्ठावीस!"

"भावजी, हातमोजा घाला आधी! बोटं राहिली नाहीत तर लिहिणार कशानं?"

गाडी पांढऱ्या दवानं मढून उभी होती. निशिगंधानं बॅटरी जोडली, गिअरबॉक्सच्या तेलाचा दाब मोजणारं मीटर लावलं आणि किल्ली फिरवली. इंजिन दोनदा कण्हलं, खोकलं आणि सुरू झालं. तिनं श्वास रोखून गिअर टाकला.

काहीच नाही! तिनं ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं. गाडी तसूभरही हलली नाही. दाबाचा काटा शून्यावर मेल्यासारखा पडून होता.

"अडली!" निशिगंधा किंचाळली. "भावजी, अडली हो!"

गाडी बंद पडल्याचा इतका आनंद त्या जंगलात कुणाला कधी झाला नसेल. हृषिकेश बर्फातच नाचला. वालबुर्गाबाई मात्र हाताची घडी घालून उभ्या होत्या. "हो, हो. मला हे चार वेळा दिसलंय. कारण सांगा!"

निशिगंधानं लगेच इंजिन बंद केलं. आत जे काही गोठलं होतं ते वितळू द्यायचं नव्हतं. मग विजेरी घेऊन ती गाडीखाली शिरली. तोवर हृषिकेशनं तेलाची पट्टी बाहेर काढून तेल दोन बोटांत चोळून पाहिलं.

"तेल घट्ट झालंय, पण वाहतंय. तेल निर्दोष आहे, वहिनी!"

मग दोषी कोण? पाठीवर पडल्या पडल्या ती विजेरी फिरवत राहिली. आणि गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला, जिथं हवा आत-बाहेर जायला एक छोटीशी नळी असते, तिथं तिला सुपारीएवढा बर्फाचा गोळा दिसला. नळीचं तोंड त्यानं घट्ट बंद केलं होतं.

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते आणि या नळीतून बाहेर पडते. थंड झाला की बाहेरची हवा आत येते. आता ही वाटच बंद झाली तर? भुरभुरीत बर्फ उडून गरम नळीवर बसतो, वितळतो आणि गाडी उभी राहिली की गोठतो. आत हवा आकसते. गिअरबॉक्सला कुठून तरी काहीतरी आत ओढून घ्यायचंच असतं. मग तो चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या रबरी कडीतून ओढून घेतो. आणि तिथं काय असतं? वितळलेल्या बर्फाचं पाणी!

"पाणी!" ती गाडीखालून सरपटत बाहेर आली. तिचे केस बर्फानं माखले होते. "भावजी, दर वेळी थोडं थोडं पाणी आत जातंय. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं. आणि तळाशी काय असतं?"

"पंपाची जाळी!" हृषिकेशचे डोळे विस्फारले. "जाळीवर बर्फ! पंपाला तेलच मिळत नाही! आणि इंजिन अर्धा तास चालू राहिलं की..."

"बर्फ वितळतो, गाडी चालते, आणि गॅरेजवाल्याला काही सापडत नाही! आमच्या शीतकक्षात थंडी होती, पण उडणारा बर्फ कुठं होता?"

वालबुर्गाबाईंना तिनं ते पुन्हा जर्मनमधून समजावलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं, वाकून त्या बर्फाच्या गोळ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणजे मी वेडी नव्हते."

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा होता त्या जाळीवर, बंद गिअरबॉक्समध्ये. उद्या ट्रक येईपर्यंत तो गोठलेलाच राहायला हवा होता. म्हणून गाडीला कुलूप लावून, घसरगाडी घेऊन तिघं परतीच्या वाटेला लागली. अकरा वाजायला आले होते.

दलदलीच्या कडेनं जाताना हृषिकेश थांबला. "खड्ड्याचा सगळ्यात खोल भाग तो समोरचा. तिथलं तापमान घेतो, दोन मिनिटं." बाई पुढे होत्या. निशिगंधा घसरगाडीची दोरी सोडवत होती. तिनं मान वर केली तेव्हा तो वीस पावलं आत गेलेला होता.

"तिकडे नको!" बाई ओरडल्या. "खाली झरा आहे, बर्फ पातळ आहे!"

काच तडकावी तसा आवाज झाला. हृषिकेश कमरेपर्यंत खाली गेला!

वालबुर्गाबाईंनी घसरगाडी हिसकून घेतली, बर्फावर आडवी टाकली आणि तिच्यावर पालथ्या पडून पुढे सरकल्या. निशिगंधानं मागून त्यांचे पाय धरले. बाईंनी फावड्याचा दांडा पुढे केला. त्यानं तो पकडला. "ओढ!" दोघींनी जीव खाऊन ओढलं. बर्फाची कड मोडली. पुन्हा ओढलं. पुन्हा मोडली. तिसऱ्यांदा तो मासा यावा तसा सरपटत वर आला.

बाहेर येताच त्याची पँट पत्र्यासारखी कडक झाली. बाईंनी त्याला घसरगाडीवर घातलं, ब्लँकेट लपेटलं आणि त्याच्या पायांकडे एकदा पाहिलं.

"गावापर्यंत ओढत न्यायला चढावरून अडीच तास लागतील. तेवढा वेळ या पायांकडे नाही. फोन?"

खड्ड्यात फोनला रेंज नव्हती. कालही नव्हती. निशिगंधानं मागे वळून पाहिलं. सहाशे पावलांवर ती गाडी उभी होती, तिच्या पोटात गोठलेला पुरावा घेऊन.

ती क्षणभरच थांबली. दोन हिवाळे, अकरा तक्रारी, साहेबांची फाइल, सगळं त्या क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. मग तिनं दोरी खांद्यावर घेतली.

"गाडीकडे!"

इंजिन सुरू झालं. हृषिकेशची ओली पँट कापून काढली, बाईंनी आपला लोकरी स्वेटर त्याच्या पायांना गुंडाळला आणि त्याला मागच्या सीटवर आपल्या अंगाशी घट्ट धरून बसल्या. पण डिझेलचं इंजिन नुसतं चालू ठेवून अशा थंडीत किती तापणार? वीस मिनिटं झाली. हीटरमधून जेमतेम कोमट हवा येत होती. गिअर टाकला. काटा शून्य! तीस मिनिटं. शून्य!

"आजच्याइतकी थंडी कधीच नव्हती," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "याचं कापणं थांबलंय. हे चांगलं लक्षण नाही."

"शेकोटी करून त्याचे पाय शेकले तर?"

"नाही! शेकलेलं बोट पुन्हा गारठलं तर गेलंच. पाय फक्त हॉस्पिटलमध्ये गरम करायचे." आणि मग त्या एकदम ताठ बसल्या. "पण गाडीचं पोट शेकता येईल. माझे वडील लाकडांचा ट्रक चालवायचे. हिवाळ्यात इंजिनखाली निखारे ठेवायचे. ज्वाळा नाही हं, नुसते निखारे!"

रस्त्याकडेला तोडलेल्या लाकडांची रास होती. निशिगंधानं बर्चच्या ओंडक्यांची साल ओरबाडली, वाळक्या काटक्या मोडल्या. पहिली काडी विझली. दुसरी विझली. बोटं इतकी बधिर झाली की तिसरी काडी तिनं दातांत धरून काडेपेटीवर ओढली. जाळ धरला! पंधरा मिनिटांनी तिनं फावड्यानं लाल निखारे लोखंडी ट्रेमध्ये भरले आणि पोटावर सरपटत ट्रे गाडीखाली ढकलला. डिझेलची नळी हातभर अंतरावर होती. ती तिथंच पडून राहिली, एका हातात बर्फानं भरलेलं फावडं घेऊन. जरा ज्वाळा दिसली की बर्फ टाकायचा. धुरानं डोळे चुरचुरत होते. वर कुठंतरी तिच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं उत्तर थेंबाथेंबानं वितळत होतं आणि ते वितळावं म्हणून ती मनापासून विनवत होती.

आतून हृषिकेशची बडबड ऐकू आली. तो कुणाशी तरी इस्लामपूरच्या उन्हाबद्दल बोलत होता. मग बडबडही थांबली.

निशिगंधा बाहेर आली आणि दार उघडून तिनं त्याचे खांदे गदागदा हलवले. "हृषिकेश! डोळे उघड! झोपायचं नाही! ऐकतोयस ना? ऊठ!" सहा वर्षांत तिनं दिराला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं. त्याच्या पापण्या हलल्या.

"वहिनी... दाब किती?"

ती ड्रायव्हरच्या सीटकडे धावली. गिअर टाकला. काटा थरथरला. खाली आला. पुन्हा थरथरला... आणि वर चढला! गाडीनं एक हिसका दिला आणि पुढे सरकली. बाईंनी उतरून ट्रे ओढून काढला, निखाऱ्यांवर बर्फ लोटला आणि चालत्या गाडीतच उडी मारून आत शिरल्या.

पाच किलोमीटर चढ! पहिला किलोमीटर ठीक गेला. दुसऱ्या वळणावर इंजिन एकदम मोकळं ओरडलं आणि गाडीची ओढ संपली. काटा शून्य. गाडी मागे घसरू लागली! उजवीकडे कडा होता. निशिगंधानं ब्रेक दाबला. चाकं बर्फावर घसरली आणि कड्यापासून चार हातांवर गाडी थांबली.

"आता?" बाईंनी विचारलं.

निशिगंधानं डोळे मिटले. बर्फ अजून पूर्ण वितळला नाही. एखादा तुकडा उरला असणार. पंप जोरात ओढतो, तेलाबरोबर तो तुकडाही येतो आणि जाळीला चिकटतो. मग पंपाची ओढच थांबवली तर?

तिनं इंजिन बंद केलं.

"काय करतेस तू!"

"तुकडा सुटू दे. दहापर्यंत मोजा."

त्या शांततेत बाई मोजत होत्या. झाडं कडाडत होती. आठ, नऊ, दहा! किल्ली. इंजिन. काटा वर! गाडी निघाली. पुढच्या चढावर पुन्हा तेच झालं. पुन्हा बंद, पुन्हा दहा अंक, पुन्हा सुरू. असं तीनदा झालं. चौथ्यांदा गाडी अडलीच नाही. अखेर झाडं विरळ झाली, स्वच्छ ऊन काचेवर पडलं आणि समोर गावातल्या चर्चचा मनोरा दिसला. बाईंचा फोन लागलीच वाजायला लागला. त्यांनी तो न उचलता कापला आणि हॉस्पिटलचा नंबर फिरवला.

दुपारी दोनला हृषिकेश डॉक्टरांच्या हवाली झाला. पाचला डॉक्टर बाहेर आले. डाव्या पायाच्या करंगळीचं टोक जाईल कदाचित, बाकी सगळं वाचेल, म्हणाले. निशिगंधा बाकावर बसली आणि मग तिला रडू फुटलं. वालबुर्गाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

कंपनीत साहेबांनी तेलाचा नमुना पाहिला. पाणी त्यात होतं, पण चढावर घुसळून त्याचा पांढरट फेस झाला होता. "हे पाणी कसंही आलेलं असू शकतं," ते म्हणाले. "जाळीवर बर्फ होता हे कशावरून?"

"होता की नाही ते मी दाखवते," निशिगंधा म्हणाली. "मला शीतकक्षात एक मोठा पंखा द्या आणि ट्रकभर बर्फ. गाडी रोलरवर पळवायची आणि खालून बर्फ उडवायचा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. खिडकीबाहेर बर्फाला काही तोटा नव्हता. त्यांनी सही केली.

पहिली सकाळ, गाडी चालली. दुसरी सकाळ, चालली. तिसऱ्या सकाळी लोक आपापल्या कामाला निघून गेले. चौथ्या सकाळी शीतकक्षात तिघंच होती. निशिगंधा, दिवसाची रजा टाकून आलेल्या वालबुर्गाबाई, आणि डाव्या पायात भली मोठी मऊ सपात घालून कुबडीवर उभा असलेला हृषिकेश.

निशिगंधानं गिअर टाकला. इंजिन ओरडलं. गाडी ढिम्म!

तिनं इंजिन बंद केलं आणि त्याच थंडीत, आठ बोल्ट काढून, गिअरबॉक्सचं पोट उघडलं. विजेरीच्या उजेडात जाळी चमकली. तिच्यावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, पापडासारखा पातळ, दुधी बर्फाचा थर बसला होता.

"किती जाड आहे?" हृषिकेशनं पेन्सिल काढत विचारलं.

"या, तुम्हीच मोजा, भावजी," निशिगंधा म्हणाली आणि बाजूला सरली. पण कुबडी सावरून तो पुढे येईपर्यंत वालबुर्गाबाई गुडघ्यांवर बसल्याही होत्या. हातमोजा काढून त्यांनी एक बोट त्या थरावर ठेवलं. बोट बधिर होईतो त्यांनी ते उचललं नाही.